मागं कोण राहणार

माय, तुझी बाज अजून ओट्यावर भिंतीला उभी आहे. तेरावा होऊन पाच दिवस झाले. मांडव गेला, पाव्हणेरावळे गेले, काल धाकटा दत्ताही कामावर गेला. मी रजा वाढवली आणि दोन्ही लेकरांना घेऊन इथंच थांबले. विचारणाऱ्याला सांगते, मायचं घर आवरायचंय. पण आवरायला तू ठेवलंयस काय? सहा महिन्यांचा संसार एका पत्र्याच्या पेटीत बसवायची सवय तुला. सगळं घर मी एका सकाळीत आवरलं आणि मग नुसती बसून राहिले.

मी थांबले ते तुझ्याशी बोलायला. मे महिन्यात याच अंगणात मी तुला जे बोलले, ते गेवराईच्या घरात बसून मागं घेता येत नव्हतं. तिथून फोन होता, पण फोनवर आपण दोघी कधी खरं बोललोच नाही. तू विचारायचीस, "लेकरं खेळतेत का?" मी म्हणायचे, हो. मग तू "बरं, ठिव" म्हणायचीस. भांडणानंतर असे तीन फोन झाले. चौथा फोन दत्ताचा आला.

आधी ते भांडणच सांगते, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

सुट्टी लागली आणि मला प्रशिक्षण लागलं. लेकरांचे पप्पा बाहेरगावी. घरात दोन लेकरं आणि एक मोबाईल. म्हणून ईश्वरी आणि वेदांतला मी तुझ्याकडं आणून सोडलं. ती नऊ वर्षांची, तो सहाचा. मी म्हणाले, "दिवसभर काय करतील गं हे इथं? शिरूरच्या उन्हात बाहेरसुद्धा पडता येत न्हाई." तू म्हणालीस, "लेकरं काय करतेत? खेळतेत." आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन आत गेलीस.

बारा दिवसांनी मी न सांगता आले. दुपारचे चार वाजले असतील. अंगणात बाज उलटी, चारी पाय वर करून टाकलेली. तिच्यात माझी लेक उभी, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर कडब्याची पेंढी. खाली वेदांत वाकडी काडी घेऊन ज्वारीचं एकेक ताट सपासप हाणत होता. घामानं निथळत होता. मला बघून ओरडला, "मम्मी, आमी ऊस तोडायलोत." आणि तू उंबऱ्यावर बसली होतीस, दाराची चौकट एका हातानं धरून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आधी वेदांतच्या हातातली काडी हिसकावून फेकली आणि मग तुझ्याकडं वळले.

"माय, लेकराच्या हातात कोयता कावून दिलास?"

"कोयता कुठं हाय बाई? काडी हाय ती."

"आज काडी हाय. टोळीचा खेळ सोडून दुसरं काई सापडलं न्हाई तुला?"

"त्यांनीच इचारलं, आजी तू काय काम करायचीस. मंग म्या..."

मी तुला वाक्य पुरं करू दिलं नाही. पुढचं जे बोलले ते ईश्वरीनं ऐकलं, वेदांतनं ऐकलं, पलीकडच्या भिंतीवरून डोकावणाऱ्या बायांनीही ऐकलं. मी म्हणाले, "मला सहा सहा महिने टाकून जायचीस, तवा न्हाई सुचले तुला खेळ. आता नातवंडांसंगं खेळून भरून काढायलीस व्हय?"

तू उठलीस, ईश्वरीच्या डोक्यावरची पेंढी उतरवलीस, म्हशीपुढं नेऊन टाकलीस. बाज सुलटी केलीस. रात्री पिठलं-भाकरी वाढलीस, मला कांदा फोडून दिलास. सकाळी मी लेकरांना घेऊन निघाले तेव्हा पिशवीत कुरडया बांधून दिल्यास. राहिलेली सगळी सुट्टी लेकरांनी मोबाईलमध्ये डोकं घालून काढली आणि मी त्यांना काही म्हणाले नाही.

मी तसं का बोलले, हे तुला माहीत होतं. मला ऊसतोडीच्या टोळीचा शब्दसुद्धा सहन होत नाही. दिवाळी झाली की वस्तीवर ट्रक यायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता; तू आणि दादा. तुमचा कोयता तिकडं कारखान्याकडं जायचा आणि पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की चैत्रात परत यायचा. दुसरीपर्यंत तू मला बरोबर नेलंस. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, त्या कोपीत राहायचं, पहाटे थंडीत उठायचं, उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्याच्या पेंढ्या बांधायच्या, हे मला सगळं आठवतं. आठवतं आणि आवडतंही, हे तुला कधी सांगितलं नाही. कारण तिथं तू होतीस.

तिसरीत तू मला काकूपाशी ठेवलंस. दत्ता दोन वर्षांचा, तुझ्या कडेवर. ट्रकमध्ये पेटी चढली, लाकडं चढली, कोंबड्यांचं खुराडं चढलं, शेळी चढली. मी दाराची चौकट धरून उभी होते. शेळी चालली आणि मी नाही, हे मला काही केल्या कळत नव्हतं. "तुला शाळा हाय बाई," तू म्हणालीस आणि माझ्या तोंडावरून हात फिरवलास. मी रडले नाही. तू वर चढून सामानावर बसलीस ती घराकडं पाठ करून. गाडी वळणापर्यंत दिसत होती. तू एकदाही मागं वळून पाहिलं नाहीस.

इतकी वर्षं मला टोचत राहिलं ते एवढंच. सोडून गेलीस ते नाही. सोडून तर अख्खी वस्ती जायची.

मी तुला दोनदा विचारलं. डीएडला असताना एकदा. तू म्हणालीस, "धूळ लई होती." दुसऱ्यांदा ईश्वरीच्या वेळी बाळंतपणाला आलते तेव्हा. तेव्हा तू म्हणालीस, "दत्ता मांडीवर झोपलता, मान कशी वळवावी?" दोन वेळा दोन उत्तरं. मी मनात म्हटलं, खोटं बोलणाऱ्याला आठवण तरी नीट ठेवावी लागते. आणि मग विचारणंच सोडलं.

तुझं एक ठरलेलं वाक्य होतं. मी काही बोलायला लागले की म्हणायचीस, "मागं ठिवलं म्हणून मास्तरीण झालीस. न्हाईतर आज कोयता अस्ता हातात." तू म्हणत होतीस ते सोळा आणे खरं होतं आणि त्याचाच मला राग यायचा. मला शाळा नको होती माय, तू पाहिजे होतीस. आठ वर्षांच्या पोरीला दोन्ही मिळत नसेल तर ती काय निवडेल, हे काय विचारायला पाहिजे?

आणि आता मी काय करते बघ. दरवर्षी दिवाळीच्या आधी चकलांब्याकडच्या आमच्या शाळेच्या वस्तीवर घरोघर जाते. ओट्यावर बसून आयांना सांगते, लेकरं नेऊ नका, वसतिगृहात ठेवा, शाळा बुडते. वहीत नावं लिहून घेते. मागच्या वर्षी एका पोरीनं आईचा पदर धरून माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचं घर सोडून दिलं. तुला फोन करून सांगावंसं वाटलं होतं. नाही केला.

पण चैत्र यायचाच, आणि तूही यायचीस. ते पहिले तीन दिवस आठवतात का गं? तू दिवाळीत माझ्या उंचीचा नाडा मोजून घेतलास, गाठ मारलीस आणि तिकडच्या बाजारातून त्या गाठीच्या मापाचा फ्रॉक आणलास. सहा महिन्यांत पोर वाढते, हे काही तुझ्या ध्यानात आलं नाही. फ्रॉक गुडघ्याच्या वर. तू तो हातात धरून बघत राहिलीस, मग म्हणालीस, "कापड आटलं वाटतं." मी तोंड फुगवून कोनाड्याखाली बसले होते. बोलणार नव्हते.

दुसऱ्या आया पोरांना गूळ द्यायच्या, जवळ ओढायच्या. तुला मनधरणी यायची नाही. तू माझ्यासमोर हातभर अंतर सोडून बसलीस, अंगणातले पाच खडे वेचून आणलेस आणि एकटीच खेळायला लागलीस. बघवत नव्हतं इतकं वाईट. एक खडा वर टाकायचीस आणि खालचे उचलायच्या आत तो पडायचा. झेललास तर हातातले निसटायचे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. "असं न्हाई माय," मी म्हणाले आणि खडे तुझ्या हातातून काढून घेतले. तू म्हणालीस, "मंग कसं? दाव बरं."

तिथून आपली सुट्टी सुरू व्हायची. दरवर्षी तीन दिवस रुसवा आणि तिसऱ्या दिवशी खडे. आता कळतं, पेरणीची मजुरी लागायच्या आत त्या दोन महिन्यांत तुला वर्षभराचं आईपण उरकायचं होतं, आणि तेही रिकाम्या हातानं नाही. शेवया, कुरडया, सरपण, पाणी, सगळं करत करत. मग तू कामाचाच खेळ करायचीस. टँकर यायचा असला की आम्हाला उकिरड्याच्या उंचवट्यावर उभं करायचीस आणि ज्याला आधी धूळ दिसेल त्याला पहिली घागर. कुरडयांवर कावळे राखायला मला काठी देऊन जमादार करायचीस आणि स्वतः कावळा होऊन यायचीस. पदर डोक्यावरून असा घ्यायचीस की दत्ता खरोखर भ्यायचा. दुपारी गोणपाट ओलं करून दाराला लावायचीस आणि कारखान्यावरच्या माणसांच्या नकला करायचीस. मुकादम कसा चालतो, ड्रायव्हर हॉर्न कसा वाजवतो. हसून हसून आमच्या पोटात दुखायचं. तिथं तुला काय सोसावं लागत होतं, ते तुझ्या एकाही नकलेत नव्हतं.

हे सगळं मला मे महिन्यात आठवत नव्हतं का? आठवत होतं. म्हणून तर जे बोलले ते खोटं होतं, हे बोलताना माहीत होतं. "तवा न्हाई सुचले तुला खेळ." तुला खेळाशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं, माय.

आता कालची गोष्ट.

दुपारी ऊन उतरल्यावर लेकरं अंगणात गेली. मी आत तुझी लुगडी घडी घालत होते. बाज ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर दोघांनी ती उलटी टाकलेली. मला पाहून ईश्वरी दचकली. मी रागावणार असं तिला वाटलं असावं. मी ओट्यावर बसले.

वेदांत बाजेच्या आत बसून म्हणाला, "दीदी, पण आता मागं कोण राहणार?"

ईश्वरी म्हणाली, "आजी नाही तर खेळच होत नाही."

मी विचारलं, "मागं राहणार म्हणजे?"

तिनं बाजेचा एक पाय धरला. मग म्हणाली, "आजी ऊस तोडायला नाही यायची. आम्ही जायचो. मी आई, वेदू मुकादम. आजी घरी राहायची. ती उषा व्हायची."

"कोण उषा?"

"तू."

मी तिला सगळं सांग म्हणाले. ती सांगत होती आणि वेदांत मधे मधे दुरुस्त करत होता. बाज म्हणजे गाडी, ती भरायची. मग उषाच्या तोंडावरून हात फिरवून म्हणायचं, तुला शाळा हाय बाई. उषानं दाराची चौकट धरून बसायचं आणि रडायचं नाही. रडली तर खेळ बाद. मग गाडी जायची, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी परत यायची. परत आल्यावर उषा बोलत नाही. तिला बोलतं करायचं. जो बोलतं करील तो जिंकला. "मी दोनदा जिंकलो," वेदांत म्हणाला. "दीदी एकदा."

या घरात तू, दादा, मी आणि दत्ता राहायचो, दादा गेल्यावर तू एकटी राहायचीस. त्या चौकटीत मी कशी उभी होते, हे तुला कुणी सांगितलं? तू तर मागं वळून पाहिलंच नव्हतंस. म्हणजे चढायच्या आधी पाहिलं होतंस. नीट पाहिलं होतंस. हात कुठं होता, ओठ कसे मिटले होते, सगळं. पस्तिशीच्या लेकीला जे सांगता आलं नाही, ते तू नातवंडांना खेळ म्हणून शिकवलंस. आणि मी येऊन काडी हिसकावली.

"तू आली ना त्या दिवशी," ईश्वरी म्हणाली, "तेव्हा आम्ही परत आलोच नव्हतो. ऊसच तोडत होतो. खेळ अर्धा राहिला." मग म्हणाली, "आजी तशीच राहिली."

ती सहज बोलली. तिला माहीत नाही काय बोलली ते. तू उंबऱ्यावर चौकट धरून आईची वाट बघत बसली होतीस, माय, मी होऊन. आणि गाडी आलीच नाही.

मी रडले, चांगली पोटभर रडले. लेकरं घाबरली. वेदांत पाणी घेऊन आला. मग ईश्वरी अगदी हळू म्हणाली, "मम्मी, तू राहते का मागं? तुला येतं ना ते."

मी म्हणाले, "न्हाई. मी गाडीत बसते. तू राहा."

ती उंबऱ्यावर जाऊन बसली. एका हातानं चौकट धरली, तू शिकवलं होतंस तशी. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, तुला शाळा हाय बाई. मग बाजेत जाऊन बसले, घराकडं पाठ करून, कारण वेदांत मुकादम होता आणि त्यानं तशीच जागा दाखवली. त्यानं तोंडानं हॉर्न वाजवला. बाज काही जागची हलत नाही. माझी लेक माझ्यामागं दहा पावलांवर होती. खेळ होता. मला नुसतं तिच्याकडं वळून बघायचं होतं.

मान वळली नाही, माय. धूळ नव्हती. मांडीवर कुणी नव्हतं. मला माहीत होतं, वळून पाहिलं तर मी उतरणार, आणि उतरले तर मुकादमाला, गाडीला, कशालाच अर्थ राहणार नाही. तुझी दोन्ही उत्तरं खोटी होती. तिसरं तू मला दिलं नाहीस, कारण लहानपणी ते कळलं असतं तर मी तुला जाऊ दिलं नसतं, आणि पुढं तुला न सांगायची सवयच लागली.

"मम्मी, परत कधी यायचं?" वेदांतनं विचारलं. "अजून ऊसच तोडला नाही."

"आत्ता यायचं," मी म्हणाले. "पट्टा पडला म्हण."

उतरून उंबऱ्यापाशी गेले. ईश्वरीनं नियमाप्रमाणं तोंड फिरवलं. मला वाटलं, माझा चेहरा बघून ती खेळ सोडील, पण नाही. तिनं हनुवटी गुडघ्यावर टेकवली आणि भिंतीकडं बघत राहिली. माझीच हनुवटी, कोनाड्याखालची. मी हाक मारली, "उषे." ती बोलली नाही. गूळ देऊ का विचारलं. नाही. वेदांत मागून म्हणाला, "असं करून ती नाही बोलत."

मग मी अंगणातले पाच खडे वेचले. तिच्यासमोर हातभर अंतर सोडून बसले आणि टाकायला लागले. या खेळात मी वस्तीवर पहिली होते, तुला माहीत आहे. पण खडा वर जायचा आणि झेलायच्या आत पडायचा. खालचे उचलले की हातातले निसटायचे. तेव्हा मला तुझे हात आठवले. कोयत्यानं सहा महिने ताठलेली, उसाच्या पात्यांनी चिरलेली बोटं. मी आयुष्यभर समजत होते, तू मला बोलतं करायला मुद्दाम चुकायचीस. ते मुद्दाम होतं, की तुझ्या बोटांना खडे खरंच धरता येत नव्हते, हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी नाही.

मी मुद्दाम चुकत नव्हते, माय.

पुष्कळ वेळानं ईश्वरीनं मान वळवली. थोडा वेळ बघितलं, मग हात पुढं केला आणि माझ्या मुठीतून खडे काढून घेतले.

"असं न्हाई मम्मी," ती म्हणाली.